लिली म्हणजे नेमकी कोणती?

मांजर घरी आणायच्या आधी बाल्कनीतल्या कुंड्या एकेक करून तपासायला घेतल्या आणि घोडं अडलं ते ‘लिली’ या नावापाशी. आपल्याकडे हारासाठी जुड्या मिळतात ती लिली, पावसात फुलते तीही लिली, बुकेतली लिली, शिवाय पीस लिली आणि डे लिली. विष मात्र सगळ्यांचं सारखं नाही. म्हणून नर्सरीतलं नाव बाजूला ठेवून शास्त्रीय नावं शोधली.

यांतल्या दोन मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात: बुकेतली लिलियम आणि डे लिली, म्हणजे हेमेरोकॅलिस. पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, सगळंच विषारी; त्यामुळे परागकणांचे पुंकेसर खुडून भागत नाही. अंगावर सांडलेले परागकण मांजर चाटून साफ करतं, तेवढंही पुरतं. आधी उलट्या होतात, लाळ गळते, मग मांजर जरा सावरल्यासारखं दिसतं आणि इथेच माणसं फसतात. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. सलाइन पहिल्या 18 तासांच्या आत सुरू झालं तर वाचण्याची शक्यता चांगली असते.

ओळखायचं असं: लिलियमच्या उभ्या दांड्यावर खालपासून वरपर्यंत पानं असतात. डे लिलीची पानं बुडापासून पंख्यासारखी पसरतात आणि फुलाचा दांडा जवळजवळ बिनपानांचा असतो. आमच्या कुंडीतली डे लिलीच निघाली, बिनमांजराच्या घरी गेली.

पीस लिली खरी लिली नव्हेच, ती अळूच्या कुळातली. तिच्यात आणि मनी प्लांटमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यावर तोंडाची आग होते, लाळ गळते, पण मूत्रपिंडं जात नाहीत. हाराची लिली आणि पावसात फुलणारी रेन लिली कंदासकट खाल्ली तर उलट्या होतात. दोन्ही हलवल्या.

कण्हेर आणि पानफुटी हृदयावर परिणाम करतात, सदाफुलीही विषारी, तिन्ही काढली. सायकस आणि अरेका यांत गल्लत नको: सायकस यकृत नासवतं, अरेका पाम बिनधोक. गुलाब, मोगरा, स्पायडर प्लांट राहिले.

मनी प्लांट छताला टांगून फारसं साधलं नाही, कारण वेल खाली लोंबते आणि गळलेलं पान जमिनीवरच येतं. शेवटी तोही काढला.

मांजराला चघळायला गहू पेरले. रात्रभर भिजवून, दोन इंच मातीत, वर पातळ थर. साधारण आठवड्याभरात चार इंच होतात. पिवळे पडू लागले की कुंडी बदलायची.

आणि मांजराने एखादं झाड चावलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. मीठच मांजराला घातक ठरतं. तोंडातली पानं काढायची, अंगावर पराग असेल तर ओल्या फडक्याने पुसायचा, वेळ लिहून ठेवायची आणि पानाफुलासकट फांदी पिशवीत घालून लगेच पशुवैद्याकडे जायचं. नुसतं ‘लिली खाल्ली’ एवढं सांगून डॉक्टरांना काहीच कळत नाही.