मिठाच्या बरणीला टेकवलेला फोन

आमच्याकडे बेळगावात चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेलं लाल तिखट. भाजीला, आमटीला, कालवणाला तेच. हे लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलेलं, की पाकिटावर 'चटणी' सोडून आणखी काही लिहावं असं सुचलंच नाही. 2020 च्या जुलैत पुण्याच्या एका बाईंनी अर्धा किलो मागवली. पार्सल पोचलं त्याच दिवशी रात्री नऊ वाजता त्यांचा फोन. "अहो, मुलानं भाकरीवर चमचाभर घेऊन खाल्ली हो! कानातून धूर निघतोय त्याच्या." मी घाबरले. गूळ-तूप द्या म्हटलं. दहा मिनिटांनी परत फोन, पोरगं शांत झालं होतं आणि बाई हसत होत्या. मग आम्ही चांगला अर्धा तास बोलत बसलो. तिकडच्या सुक्या खोबऱ्याच्या चटणीपासून त्यांच्या सासूबाईंच्या गुडघ्यांपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून पाकिटावर 'भाजी-आमटीसाठी' असं ठळक छापायला लागलो.

धंद्याची वाटचाल लिहा म्हणून धाकटीनं मागे लागून लिहायला बसवलंय. तिला वाटतं उलाढालीचे आकडे यावेत. माझ्या डोक्यात मात्र असे फोनच येतात.

माझं माहेर येळ्ळूर, सासर वडगाव. दोन्ही बेळगावच्या कुशीत. माहेरी बासमतीचं शिवार. भात फुलोऱ्यात आलं की बांधावरून चालताना वास यायचा. सासरी पॉवरलूम. चार माग होते, दिवसभर खडखडाट, माणूस माणसाशी ओरडूनच बोलायचा. साड्यांचा धंदा बसत गेला आणि 2018 ला आम्ही शेवटचे दोन माग भंगाराच्या भावात दिले. मागाची खोली रिकामी झाली तेव्हा घरात पहिल्यांदा एकमेकांचं बोलणं नीट ऐकू आलं, असं हे म्हणतात. त्या खोलीतच आता मिरच्या पसरलेल्या असतात.

सुरुवात धंद्याची अशी नव्हतीच. थोरली पुण्यात, नववा महिना भरत आलेला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी जायचं ठरलं होतं. अळीव, डिंक, खारीक, साजूक तूप सगळं पिशवीत बांधून तयार. 25 मार्चला देश बंद झाला आणि निपाणीच्या पुढं महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका म्हणजे जणू दुसरा देश झाला. आमच्या गावावरनं कोल्हापूर 110 किलोमीटर. नणंद गडहिंग्लजला, बहीण चंदगडला, दोन्ही महाराष्ट्रात. एरवी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणारे आम्ही, आता फोनवर एकमेकींची तोंडं बघत बसलो.

थोरली बाळंत झाली. तिच्याजवळ फक्त जावई. आता जावई म्हणजे आमच्याकडं पाट-रांगोळी, ताटाभोवती उदबत्ती. मी त्यांच्यापुढं चार वाक्यंसुद्धा धड बोलले नव्हते. आणि त्या दिवशी ते पुण्यातल्या ओट्यावर मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून मला विचारत होते, "अहो आई, डिंक फुलला म्हणजे नक्की काय?"

"एक खडा काढा, वाटीनं दाबा. आतून कडक लागला तर कच्चा. सगळा भुगा झाला पाहिजे."

"तूप किती?"

"डिंक पोहायला पाहिजे एवढं."

"पोहायला म्हणजे किती मिलिलिटर?"

मी गप्प. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागून बोलल्या, "त्याला म्हणावं, थोडा थोडा टाक, एकदम टाकलास तर गोळा होईल." काचेवर वाफ आली, मिनिटभर काहीच दिसेना, नुसता तडतड आवाज. पहिला घाणा करपला. दुसरा बरा. तिसऱ्याला त्यांनी खडा दाबून कॅमेऱ्यापुढं धरला, पांढरा भुगा बोटांवर. चाळीस दिवस रोज अकरा वाजता फोन लागायचा. खिमट, मेथीची पेज, लसणीचं सूप, तूप-भात. त्या चाळीस दिवसांत जावयांसाठी 'अहो आई'ची मी नुसती 'आई' झाले आणि त्यांच्यापुढं पदर सावरणं विसरले. आमची लेक गंमतीनं म्हणते, लग्न माझं झालं, सोयरीक तुमची जुळली.

मिलिलिटरच्या प्रश्नानं मात्र मला कामाला लावलं. धाकटीनं स्वयंपाकघरात काटा आणला आणि आमच्या मुठी मोजल्या. धण्याची माझी मूठ 42 ग्रॅम, आत्याबाईंची 31. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुझी चटणी धण्याची लागते." तीस वर्षांचा वाद काट्यावर सुटला. शेवटी प्रमाण ठरलं ते त्यांच्या मुठीचं: किलोभर मिरचीला पाव किलो धणे, तेवढंच सुकं खोबरं, अर्धा किलो लसूण, किलोभर कांदा. मिरचीत सातशे ग्रॅम ब्याडगी, तीनशे संकेश्वरी. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, रंगाला राणी, तिखटाला मवाळ. संकेश्वरी आमच्या हुक्केरी तालुक्यातली, लांब, बारीक, आणि तिचा ठसका पोटात गेल्यावर कळतो. नुसत्या ब्याडगीचं तिखट दिसायला झकास असतं आणि जेवायला अळणी. काही लोक रंगावरच भाळतात, त्यांना मी आग्रह करत नाही.

त्या वर्षी डंग, म्हणजे मिरची कुटायची गिरणी, टाळेबंदीत बंदच होता. मे अखेरीस उघडला तेव्हा पाऊस डोक्यावर. घरची वर्षाची बेगमी कुटून आणली, दहा किलो. त्यातली दोन किलो जावयांच्या ऑफिसातल्या मित्रांकडं गेली, कारण डिंकाची गोष्ट तोवर तिथं पोचली होती. जुलैत आणखी मागण्या आल्या आणि घरात चटणी संपली. आम्ही त्या वर्षी नोव्हेंबरपासून शेजारणीकडून उसनी चटणी आणून खाल्ली. धंद्याचं पहिलं वर्ष ते हे.

व्हॉट्सॲपचा ग्रुप धाकटीनं काढला, अकरा बायकांचा, ऑर्डरी घ्यायला. आठवड्यात ऑर्डरी बाजूला राहिल्या. एकीनं विचारलं, कटाच्या आमटीला कट पातळ झाला तर काय करू? सहा उत्तरं आली, सहाही वेगळी. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळं इथून बदली होऊन गेलेल्या जवानांच्या बायका ग्रुपवर आल्या. एक आसामातून लिहायची, इथं मिरचीला दम आहे खरं वास वेगळा, म्हणून तुमचं पाकीट पुरवून वापरते. (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याच्या सुनांना हे कळायला वेळ लागतो. आमच्या गावाकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, त्याचंही त्यांना नवल.)

गोकाकची एक अक्का आहे. तिची भाषा कन्नड, मराठी समजते, लिहिता येत नाही. ती आवाज पाठवते. पहिला शब्द नेहमी "ऊटा आतेन्री?", म्हणजे जेवण झालं का. पुढं अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मी तिला पुरणपोळी आणि ती मला होळीगी शिकवत होती, आणि दोघींच्या लक्षात आलं की पदार्थ एकच, फरक फक्त कणकेच्या सैलपणात. तिची कणीक इतकी सैल की तेलात बुडवून ठेवावी लागते, हातावर थापायची, लाटणं लागतच नाही. मला अजून ती जमत नाही, माझी फाटते. तिला माझी कटाची आमटी जमली. मागच्या पाडव्याला, तिच्या उगादीला, आम्ही दोघींनी फोन समोर ठेवून एकाच वेळी पोळ्या केल्या. प्रत्यक्ष भेट अजून नाही. गोकाक इथून दोन तासांवर, तरी नाही. घरच्या बायकांना दोन तास कुठं सापडतात.

आणि कोल्हापूरचे काका. काकू गेल्या, मुलं परदेशात. डबा लावलेला होता, आवडत नव्हता. त्यांनी पाव किलो चटणी मागवली आणि विचारलं, "पिठलं कसं करायचं, गुठळ्या न होता?" मी म्हटलं, पीठ आधी गार पाण्यात कालवा, मग फोडणीत ओता. "आमची ही कोरडंच भुरभुरायची," ते म्हणाले. मग मी गप्पच बसले, कारण त्यांना गुठळ्या नको होत्या तरी रीत काकूंचीच हवी होती. तीन दिवस लागले. उकळत्या पाण्यावर उंचावरून पीठ, दुसऱ्या हातात रवी, फोन धरायला तिसरा हात नाही, म्हणून फोन मिठाच्या बरणीला. हे मी जावयांकडून शिकलेलं.

ग्रुपवर तीनच गोष्टींना बंदी. फुलांचे सुप्रभात, औषधांचे फॉरवर्ड आणि सीमाप्रश्न. शेवटच्यावर दोनदा भडका उडाला होता, दोघांना हात जोडून थांबवलं. आम्हाला त्याचं काही नाही असं मुळीच नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं; माझी आज्जी म्हणायची, मी परसात शेणी लावत होतो, उठलो तर परराज्यात होतो. घरात सगळ्यांचं मत आहे आणि ते काय असेल ते वाचणाऱ्यालाही ठाऊक आहे. खरं चुलीपुढं त्याला जागा देत नाही. दारावरच्या पाटीवर नियमाप्रमाणं 60 टक्के कन्नड, खाली मराठी. गिऱ्हाईक दोन्ही वाचतं.

सीमेची रेघ चुलीत येत नाही, हिशेबात मात्र येते. हे मला कर-सल्लागारानं समजावलं तेव्हा मी दोनदा विचारलं. राज्यातल्या राज्यात माल विकला तर वर्षाला 40 लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. पण दुसऱ्या राज्यात एक पाकीट विकायचं तरी पहिल्या रुपयापासून नोंदणी पाहिजे. म्हणजे बंगळूर 500 किलोमीटर, तिथं बिनधास्त पाठवा. शिनोळी वीसेक किलोमीटर, आमच्या भावकीतली सोयरीक तिथं, पण ती चंदगड तालुक्यात, म्हणून परराज्य. बहिणीला भेट दिली तर चटणी, तिच्या शेजारणीला विकली तर आंतरराज्य व्यापार. नोंदणी केली. अन्नसुरक्षेची तर त्याआधीच केली होती, वर्षाला शंभर रुपये, चौदा आकडी नंबर. पहिल्यांदा तो नंबर पाकिटावर छापून आला तेव्हा आत्याबाईंनी चष्मा लावून एकेक आकडा वाचला.

2021 चं सांगायला पाहिजे. मागणी वाढली आणि मी हावरटपणा केला. मे महिन्यात वळिवानं पाच-सहा दिवस ऊन खाल्लं, कांदा पुरता वाळला नव्हता. तळताना कुरकुरीत वाटला, म्हणून चालवून घेतला. साठ किलो कुटून गरम गरमच प्लॅस्टिकमध्ये भरली. जुलैत कोल्हापूरजवळ पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं, पार्सलं वाटेत अडकली, आणि ऑगस्टात तक्रारी सुरू झाल्या: गुठळ्या, कुबट वास. मी ग्रुपवर पुराकडं बोट दाखवलं. पोचवणाऱ्या कंपनीलाही बोलून घेतलं. मग घरातलं, वाटेत न गेलेलं एक पाकीट उघडलं. तोच वास.

त्या रात्री ग्रुपवर खरं काय ते लिहिलं आणि सगळ्यांचे पैसे परत केले. एकवीस हजार गेले. दोघी-तिघी कायमच्या गेल्या, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुण्याच्या त्या चटणीवाल्या बाईंनी पैसे घेतले नाहीत, त्याऐवजी पुढच्या वर्षीच्या दोन किलोची नोंद करा म्हणाल्या. आता कांदा उभा चिरून चार कडक उन्हं खातो, मूठ आवळली की चुरा झाला पाहिजे. मीठ खड्याचं, भाजून. चटणी रात्रभर परातीत गार होते, मगच भरायची. बरणीच्या तळाला हिंगाचे खडे. आणि जून उजाडला की कुटणं बंद, कोणी कितीही म्हणो.

2022 च्या डिसेंबरात सीमेवर वातावरण तापलं, दोन्हीकडच्या बस काही दिवस थांबल्या. गडहिंग्लजची पार्सलं आम्ही बसनंच पाठवतो, ती खोळंबली. नणंदेनं फोन केला, "वयनी, संपलीया, काय करू?" मी तिला प्रमाण सांगितलं, ग्रॅममध्ये. तिनं तिकडच्या बाजारातनं संकेश्वरी आणली आणि स्वतःच केली. आता ती गडहिंग्लजला स्वतःची विकते, माझी गिऱ्हाइकं पण काही तिकडं गेली. यांना ते थोडं लागलं. आत्याबाईंना नाही, त्यांची मूठ दोन राज्यांत चाललीय म्हणून त्या खूष.

सध्या वर्षाला साडेतीनशे किलोच्या आसपास करतो. सोबत शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, सांडगी मिरची. चार बायका कामाला. हजार किलोचं विचारणारे येतात, डंगाऐवजी मशीन घ्या म्हणतात. चौघी आणि मी मिळून एवढेच फोन घेऊ शकतो, आणि फोन कमी करायचा नाही हे आमचं पहिल्यापासून ठरलंय.

यंदाची मिरची मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणणार आहोत. नोंद फेब्रुवारीत करा. दुपारी बारा ते साडेबारा फोन लागणार नाही. काका भाकरी शिकतायत, आणि भाकरी अजून तव्यावर फुगत नाही.