चाळणीवर उरलेले गोटे

"नाशकात वाळवंट कुठून आणणार?" एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय घरी सांगितला तेव्हा आईने पहिलं हेच विचारलं. तिचं चूक नव्हतं. मी वाचत होते अमेरिकेतल्या मोहावी आणि सोनोरा वाळवंटांबद्दल. तिथे डोंगरातल्या अरुंद घळीतून सुटलेला ओढा सपाटीवर आला की पसरतो, त्याचा जोर संपतो आणि बरोबर आणलेलं सगळं तो टाकून देतो. मोठे गोटे तोंडाशी, बारीक वाळू-माती खाली. भूगोलाच्या पुस्तकात यालाच पंखाकृती मैदान म्हणतात. त्यावर क्रिओसोट आणि बर्सेज ही झुडपं मैलोन्मैल दिसतात. कुठे कोणतं जास्त, हे बरंचसं जमिनीच्या वयावर असतं. जुन्या पंख्यात चिकणमातीचा थर तयार झालेला असतो, तो पाणी खाली उतरू देत नाही.

तसलंच काही मला चांदवडकडे, सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी बघायचं होतं. ढग इगतपुरी-त्र्यंबकला रिते होतात, पूर्वेकडच्या तालुक्यांना उरलंसुरलं मिळतं.

मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच भेटीत शीर्षकातले दोन शब्द खोडले. 'वाळवंट' गेलं, कारण आपल्याकडे पावसाळा आहे. 'पंखा'ही गेला. ते दगड ओढ्याने आणले हे आधी दाखव म्हणाल्या, डोंगरावरून घरंगळत आलेलेही तसेच दिसतात. उरलं काय, तर 'पायथ्याची मुरमाड जमीन आणि झुडपं'. डोंगर वनखात्याचा, परवानगीला वेळ लागणार, म्हणून मी खालची खाजगी बरड जमीन धरली. मालक बाबा म्हणाले, "खड्डा खांदा, पण बुजवून जा. शेळी पडंल."

झुडपं मोजायला ३० मीटरची टेप जमिनीवर ताणायची आणि टेपवर येणारा प्रत्येक झुडपाचा विस्तार सेंटिमीटरमध्ये लिहायचा. सगळ्यांची बेरीज भागिले टेपची लांबी, की किती टक्के जमीन झाकली ते कळतं. ही पद्धत १९४१ पासूनची, कागदावर अगदी सोपी. प्रत्यक्षात टेप बोराटीत अडकते, ती सोडवताना हात ओरबाडतात, आणि वाऱ्याने तरवडाची फांदी हलली की आकडा बदलतो. भाऊ टेपचं दुसरं टोक धरून दर दहा मिनिटांनी घरी जायचं विचारायचा. तीन रविवारांत दहा रेषा झाल्या. वर गोट्यांच्या पट्ट्यात बोराटी, हेकळ, तरवड, मधूनच हिवर. खाली बारीक मातीत कुसळी गवत, झुडूप जवळजवळ नाहीच.

खड्ड्याला मात्र घाम निघाला. कुदळ दगडावर नुसती वाजायची, मग पहारीने एकेक गोटा उचकटायचा. एक मीटर उतरायला दीड दिवस लागला. मधल्या थरात दगडांवर पांढरं दिसलं, पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं, फसफसलं. मी आनंदाने वहीत लिहिलं, 'चुन्याचे लेप'. कोरड्या प्रदेशातल्या गोट्यांच्या जमिनीत चुना आधी दगडांच्या खालच्या अंगाला बसतो, हे वाचलेलं होतं. मॅडमनी एक दगड फोडायला लावला. पांढरं दगडाच्या आत, पोकळीत भरलेलं! आपल्या बेसाल्टमध्ये कॅल्साइट असतंच, तेही आम्लात तितकंच फसफसतं. त्याचा जमीन कशी घडली याच्याशी काही संबंध नाही. खरे लेप शोधायला सगळे दगड पुन्हा उलटून बघितले. चार-पाचच निघाले.

पण मोठी चूक वेगळीच झाली. माती तपासणीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, खडे काढून अर्धा किलो माती द्या. शेतकऱ्यासाठी ते बरोबरच आहे. मीही निमूटपणे २ मिलिमीटरच्या चाळणीतून माती चाळली, वरचे गोटे ओतून दिले. निकाल आला तर वरच्या गोट्यांच्या पट्ट्यातली आणि खालच्या पट्ट्यातली माती पाणी धरण्यात जवळपास सारखीच. मग झुडपांत एवढा फरक का? आठवडाभर मी त्या कागदाकडे बघत बसले. मॅडमनी एकच विचारलं, "फेकलेलं किती होतं?"

ते मोजलंच नव्हतं. पुन्हा चांदवडची बस. या वेळी घमेल्याने काढलेलं सगळं वजन केलं आणि गोटे भरल्या बादलीत बुडवून सांडलेलं पाणी मोजलं. वजनाने गोटे ७६ टक्के, पण आकारमानाने ६०, कारण दगड मातीपेक्षा जड. हिशेबात आकारमानच लागतं. गोटे पाणी जवळजवळ धरत नाहीत, म्हणजे पाणी धरायला उरली फक्त ४० टक्के जागा. जो पाऊस निव्वळ मातीत २० सेंटिमीटर उतरेल, तो इथे ५० पर्यंत जायला हवा. वरचा थर लवकर सुकतो, खोलचं पाणी उन्हापासून वाचतं आणि लांब मुळांच्या झुडपाला मिळतं. कमी पावसाच्या भागात जाडीभरडी जमीनच झाडाला ओली ठरते, हे परिसंस्थांचे अभ्यासक इमॅन्युएल नॉय-मेअर यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं. मी ते वाचलंही होतं, फक्त वाचलेलं आणि चाळणी यांची गाठ पडली नव्हती.

पडताळा अवकाळीने दिला. मार्चमध्ये एका रात्री पाऊस झाला. द्राक्षबागायतदारांच्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि मी मनातून खूश. थोडी लाजही वाटली. शेतात ठेवलेल्या सरळ डब्यात २० मिलिमीटर भरलं होतं. पहारीने उकरलं तर गोट्यांत ओल ४२ सेंटिमीटरपर्यंत, खाली बारीक मातीत १७. भेगा होत्या तिथे जास्त, त्या जागा मी सोडल्या.

खड्डा बुजवताना बाबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, की खालच्या मातीत पाणी वरच राहतं म्हणून तिथे बोराटी नाही. ते तंबाखू मळत म्हणाले, "पोरी, ती मीच खांदून काढली. बाजरी पेरायचो तिथं. आता पडीक हाये."

दहातल्या तीन रेषा त्या तुकड्यात होत्या. मॅडमना फोन केला. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "सात पुरतात. पण का वगळल्या, ते बाबांच्या शब्दांत लिही."

बाइंडिंगवाला सकाळी दहाला उघडणार होता. तक्ते पुन्हा करता करता रात्रीचे तीन वाजले.