पगाराच्या स्लिपची मागची बाजू

जून आणि डिसेंबरच्या पगाराच्या स्लिपवर एक बारीकसा आकडा असतो, २५ रुपये, आणि त्याच्यापुढं एलडब्ल्यूएफ. मी कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपला इन्स्पेक्शनमध्ये काम करते. आमच्याकडं पॅकिंगच्या बायकांना विचारलं की हे कशाचे कटतात, तर एक मावशी म्हणाल्या, "काय की गं, दरवर्षी कटत्यात, इचारायचं कुणाला?" तो कामगार कल्याण निधी आहे. आपले २५ आणि मालकाचे त्याच्या तिप्पट म्हणजे ७५, दर सहा महिन्यांनी महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडं जातात, १९५३ च्या कायद्यापासूनची ही व्यवस्था आहे.

आता हे मंडळ सांगलीत कुणाला माहीत नाही असं नाही हां. नाट्यपंढरी आहे आपली, मंडळाच्या नाट्यस्पर्धेत काम केलेला माणूस प्रत्येक गल्लीत एखादा सापडेल. पण त्याच मंडळाकडून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, पुस्तकांना मदत मिळते, घरात मोठं आजारपण आलं तर त्यालाही मदत मिळते, हे स्पर्धा बघायला जाणाऱ्यांनाही माहीत नसतं. त्या मावशींची मुलगी मिरजेत डिप्लोमाला आहे, फी भिशी उचलून भरली. मी सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मग आधी का न्हाय सांगितलं कुणी?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

गंमत नाही, खरंच वाईट वाटतं असं एक सांगते. बांधकाम कामगार मंडळाचा भांडी संच आमच्या शॉपमध्ये शंभर टक्के लोकांना माहीत आहे. त्याला कागद कुठले लागतात, एजंट किती घेतो, नव्वद दिवस काम केल्याचा दाखला कोण देतो, सगळं तोंडपाठ. ती योजना बांधकामावर राबणाऱ्यांची आहे, फॅक्टरीतल्या माणसाची नाहीच, तरी त्याची बातमी जत-कवठेमहांकाळपर्यंत पोचली कारण भांडी डोळ्याला दिसतात आणि शेजारणीच्या घरात आलेली असतात. आणि स्वतःच्या पगारातून दर महिन्याला ज्याचे पैसे कटतात त्या ईएसआयमधून, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यातून, आजारपणात पैसे मिळतात हे विचारलं तर दहातले आठ जण म्हणतात ते दवाखान्याचं कार्ड आहे, गोळ्या मिळतात. एवढंच.

म्हणून जरा आकड्यात सांगते. समजा पगार १६,००० आहे. ईएसआयचे तुमचे ०.७५ टक्के, म्हणजे १२० रुपये कटतात, मालक ३.२५ टक्के म्हणजे ५२० घालतो. २१,००० पर्यंत पगार असलेल्या सगळ्यांना हे लागू आहे, कायम असो नाहीतर कंत्राटी. आता कावीळ झाली, डॉक्टरनं पंधरा दिवस झोपून राहा सांगितलं. पहिले दोन दिवस सोडून बाकीच्या दिवसांचे पगाराच्या ७० टक्के पैसे मिळतात, या हिशोबात ४,८०० च्या वर जातात, आणि वर्षात ९१ दिवसांपर्यंत हे चालतं. अट अशी की आधीच्या सहा महिन्यांच्या टप्प्यात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे, आणि सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचं पाहिजे. इथंच सगळं अडकतं. माणूस पहिल्या दिवशी घराजवळच्या डॉक्टरकडं जातो, सलाईन लावून घेतो, आठ दिवसांनी कुणीतरी सांगतं अरे ईएसआयमध्ये दाखवायचं होतंस, तोवर कागद चुकलेला असतो.

जतकडचा एक मुलगा, शेजारच्या फाउंड्रीत मोल्डिंगला होता, पाठीला लागलं म्हणून गावाकडं जाऊन पडून राहिला. कामावरच लागलं होतं. कामावरच्या दुखापतीला तर ९० टक्के मिळतात, त्याला ७८ दिवसांची अटसुद्धा नाही, कामाला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून हक्क आहे, फक्त अपघाताची नोंद व्हायला पाहिजे. त्याची नोंद झालीच नाही, कारण त्याला वाटलं नोंद केली तर आपलीच चूक निघंल. परत आला तेव्हा फायनान्सवाल्या बचत गटाचे हप्ते थकलेले, बायकोच्या कानातलं पतसंस्थेत. मी हे ऐकलं तेव्हा सगळ्या मुदती कधीच्या होऊन गेल्या होत्या.

बायकांचं तर आणखी वेगळं आहे. कंत्राटी मुलगी सातव्या महिन्यात काम सोडते. कुणी काढत नाही, तीच सोडते, सुपरवायझर गोड बोलून सांगतो बाळ झालं की ये परत. ईएसआयमध्ये २६ आठवडे पूर्ण पगाराच्या दरानं पैसे मिळतात, अट आधीच्या दोन टप्प्यांत मिळून ७० दिवसांची वर्गणी, जी यातल्या बहुतेक जणींची झालेली असते. पण तिला कुणी सांगितलेलं नसतं, तिच्या सासूला कुणी सांगितलेलं नसतं. सहा महिन्यांचा पगार! त्यात बाळंतिणीचं खाणंपिणं, बाळाचं सगळं झालं असतं आणि माहेरी हात पसरायला लागला नसता. मला याचा सगळ्यात जास्त त्रास होतो, खरं सांगते.

पीएफबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर यूट्यूबला भरपूर आहे. यूएएन म्हणजे पीएफचा नंबर, तो खरं तर एकच राहायला पाहिजे, पण ठेकेदार बदलला की बऱ्याचदा नवीन निघतो, जुना तसाच राहतो, आणि लोक गणपतीला किंवा लग्नसराईला जुन्यातले पैसे काढून मोकळे होतात. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. तीन ठेकेदारांकडं मिळून दहा वर्षं झालेली असतात पण पेन्शनचे पैसेही दरवेळी काढून घेतले म्हणून हिशोब परत शून्यावर. खाती जोडून घेतली असती तर साठीच्या आत-बाहेर दर महिन्याला काहीतरी आलं असतं. आणखी एक, नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफच्या विम्यातून घरच्यांना ७ लाखांपर्यंत मिळू शकतात, पण लग्न झाल्यावर नॉमिनेशन नव्यानं करायचं असतं हे किती जणांनी केलंय? आज घरी गेल्यावर पीएफच्या वेबसाईटवर बघा.

बरं, माहिती कुठंच नाही असं कुणी म्हणणार नाही. वेबसाईट आहेत, ॲप आहेत, पीएफवाले दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात येऊन "निधी आपके निकट" नावाचा कार्यक्रम घेतात. पण माणूस फर्स्ट शिफ्टला सकाळी सातला गेटवर असतो, सेकंड शिफ्टवाला रात्री साडेअकराला घरी पोचतो, ऑफिस दिवसाचंच उघडं, पीएफचं मोठं काम निघालं तर कोल्हापूर गाठायचं, म्हणजे एक खाडा. आधारला लिंक असलेला नंबर जुन्या मोबाईलचा, ओटीपी त्याच्यावर जातो. मग शेवटी कॉम्प्युटरवाल्याकडं जाऊन तो म्हणेल तेवढे पैसे द्यायचे.

आणि याहून मोठं कारण, जे ऑफिसात बसलेल्यांच्या लक्षात येत नाही असं मला वाटतं, ते म्हणजे विचारायला भीती वाटते. टाइम ऑफिसला जाऊन "साहेब, ईएसआयचं काय मिळतं" असं कंत्राटी माणसानं विचारलं की तो लक्षात राहतो. हा जरा चौकस आहे, हा उद्या आणखी काहीतरी विचारील. कंत्राटाच्या पुढच्या ब्रेकला कुणाचं नाव यादीतून गळतं हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून माहिती मागितल्यावर मिळायची सोय पुरेशी नाही. न मागता हातात पडली पाहिजे, सगळ्यांना एकसारखी, म्हणजे कुणाला पुढं होऊन विचारायलाच लागणार नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ आहे ते हेच म्हणतं, सरकारी कार्यालयानं माहिती स्वतःहून, लोकांच्या भाषेत द्यायची, कुणी अर्ज करायची वाट बघायची नाही.

माझं म्हणणं साधं आहे. जिथं कटल्याचं दिसतं तिथंच मिळायचं काय ते छापा. स्लिपच्या मागच्या बाजूला पूर्ण कोरी जागा असते. चार ओळी बास: आजारी पडलात तर पहिल्या दिवशी कुठं जायचं, कामावर लागलं तर कुणाला सांगून नोंद करायची, बाळंतपणाच्या रजेला काय लागतं, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कधी सुरू होतो. मराठीत, हिंदीत, आणि आमच्याकडं कन्नडमध्ये सुद्धा, कारण कर्नाटकातल्या अथणी-कागवाडचे आणि जतच्या पूर्व भागातले कितीतरी लोक इथं आहेत ज्यांना मराठी बोलता येतं पण वाचायला जड जातं. ज्यांच्याकडं स्लिपच देत नाहीत, नुसते पैसे बँकेत येतात, तिथं पंचिंग मशीनच्या शेजारी लावा, तिथं प्रत्येक जण रोज दोनदा उभा राहतो. नोटीस बोर्ड नको, तो ऑफिसच्या आत असतो.

छोटे मालक याला विरोध करतील असं काही जण म्हणतात. मला नाही वाटत. कुपवाडमध्ये बारा-पंधरा माणसांची शॉप आहेत, मालक स्वतः लेथवर उभा असतो, रिटर्न सांगलीतला अकाउंटंट भरतो, त्याला स्वतःलाच माहीत नसतं की आपण भरलेल्या ३.२५ टक्क्यांचं काय होतं. एखाद्याचं बोट प्रेसमध्ये गेलं की हाच मालक खिशातून दवाखान्याचे पैसे देतो, वर महिनाभर अर्धा पगार देतो, चांगला माणूस असेल तर. ईएसआयची नोंद केली असती तर तो खर्च त्याच्यावर आलाच नसता. म्हणजे माहिती मिळाली तर दोघांचाही फायदा आहे.

माहिती मिळाली म्हणजे सगळं सरळ होईल असं नाही. ईएसआयच्या दवाखान्यात कधी औषध नसतं, आणि काही ठेकेदार पैसे कापतात पण भरत नाहीत, यावर चार ओळी छापून काय होणार? पण निदान कळेल तरी. एका महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, हे माहीत असलेला माणूस २० तारखेला पीएफचं पासबुक बघेल आणि तीन महिने नाही भरले तर तिसऱ्याच महिन्यात ओरडेल, चार वर्षांनी ठेकेदार पळून गेल्यावर नाही. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचं त्यात आहे. आमच्या शेडमध्ये अजून बऱ्याच जणांनी तो कागद बघितलेला नाही, मागायचा असतो हेही त्यांना माहीत नाही.

आमच्या शॉपपुरतं मी मॅनेजर साहेबांशी बोलले. ते म्हणाले एक पान करून दे, अकाउंटंटकडून तपासून घेऊ आणि पंचिंग मशीनजवळ लावू. मराठी पान तयार आहे, मोठ्या अक्षरात केलंय म्हणजे चष्मा नसला तरी वाचता येईल. हिंदी आमच्या डिस्पॅचचा बिहारचा पोरगा बघून देतोय. कन्नडला माणूस पाहिजे, नुसतं बोलणारा नको, तिकडं शाळा शिकलेला, म्हणजे वर्गणी, दाखला, मुदत हे शब्द तिकडच्या लोकांना कळतील असे लिहील. मिरज-कुपवाड भागात कुणी असेल तर सांगा, आणि तुमच्या शॉपला पान लावायचं असेल तर तेही सांगा, फाईल पाठवते.