आज एफवायच्या वर्गात
आज तास संपला तरी मागच्या बाकावरची एक मुलगी बसूनच होती. जयगडकडच्या वाडीतून पहाटेच्या एसटीने रत्नागिरीला येते. हळूच म्हणाली, "सर, तुम्ही लिहून कधी देणार?" बारावीपर्यंत उत्तरं फळ्यावरून उतरवलेली. इथे मी बोलत जातो आणि तिची वही कोरीच.

मग तिथेच बसलो. पानाला उभी घडी घातली. उजवीकडे ऐकलेले मुद्दे, डावीकडे पडलेले प्रश्न, आणि त्याच रात्री एकदा वाचायचं. इंग्रजी संज्ञांची तिला फार धास्ती. म्हटलं, आधी मराठीत समजून घे, मग शेजारी इंग्रजी शब्द लिही. क्रेडिट म्हणजे काय, हेही कुणी सांगितलं नव्हतं. (विषय किती तासांचा, हे मोजायचं माप. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे वर्गात 15 तास शिकवणं.)

हे आम्ही पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. पोरं घाबरून गप्प बसतात आणि आम्ही म्हणतो, लक्ष नाही. सोमवारी पहिला अर्धा तास याचाच.

तिची नेहमीची गाडी चुकली. घरी जाताना पाहिलं तर स्टँडवर वही उघडून बसली होती, डावीकडे काहीतरी लिहीत.