चरित्राचे पुस्तक कोणत्या पानावर मिटावे?

प्राथमिक वर्गांना विज्ञान शिकवताना शास्त्रज्ञांची बालचरित्रे वापरावीत, हे बहुतेक शिक्षकांना मान्य असते. ती कशी वापरावीत, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. बहुतेक वेळा चरित्राची परिपाठातली बोधकथा होऊन जाते. गरिबी, दिव्याखालचा अभ्यास, अपमान आणि शेवटी पुरस्कार या क्रमाने गोष्ट संपते, मुले टाळ्या वाजवतात, आणि त्या माणसाला नेमके काय शोधायचे होते व ते त्याने कसे शोधले, हा भाग राहूनच जातो. यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस-तुरीच्या पट्ट्यात पाचवीला परिसर अभ्यास शिकवताना माझे मत असे झाले आहे की, शास्त्रज्ञासमोर प्रश्न उभा राहतो त्या पानावर पुस्तक मिटावे, तोच प्रश्न मुलांच्या हाती द्यावा आणि उरलेले चरित्र मुलांचे काम झाल्यावर वाचावे.

आमच्या भागासाठी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्याइतके सोयीचे चरित्र दुसरे नाही. गुलामगिरीत जन्मलेले कार्व्हर १८९६ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे शिकवायला गेले, तेव्हा वर्षानुवर्षे कपाशीच घेतल्यामुळे तिथली जमीन निकस झाली होती. हे वाक्य आमच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. कार्व्हर यांनी शेतकऱ्यांना कपाशीच्या जागी आलटून पालटून भुईमूग आणि बरबटी (चवळी) घ्यायला सांगितले, एवढे वाचून झाले की मी पुस्तक बंद करते आणि विचारते, ‘शेंगा येणाऱ्या झाडात असे काय असते, जे पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, नसते?’

उत्तर वावरात सापडते, तेही ऑगस्टअखेर, म्हणजे सोयाबीन फुलावरून शेंगांवर येत असताना. झाड उपटले तर मुळांवरच्या गाठी तुटून मातीतच राहतात, म्हणून ते खुरप्याने ढेकळासकट काढावे आणि पाण्याने भरलेल्या बादलीत हळूहळू हलवत धुवावे. सोयाबीन, तूर, बरबटी आणि पऱ्हाटी यांची मुळे वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी मांडली की मुले आपोआप वाकून पाहू लागतात. ‘मॅडम, पऱ्हाटीले त गाठीच नाही!’ हे वाक्य कोणीतरी ओरडून सांगते, आणि तो शोध त्या मुलाचा स्वतःचा असतो. मग सोयाबीनच्या गाठी नखाने फोडायला सांगते. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर गाठ कामावर आहे असे समजावे. हिरवट किंवा करडी असेल तर तिचे काम थांबलेले असते. हा रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनसारख्याच एका द्रव्याचा असतो, हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती मला कोणत्याही टाळ्यांपेक्षा मोलाची वाटते. गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात, हे सांगण्याची वेळ त्यानंतर येते.

यंदा एका मुलीने घरामागच्या भेंडीचे मूळ आणले. त्यावरही गाठी होत्या, आणि भेंडी तर कडधान्य नव्हे. दोन्ही मुळे जवळ ठेवून पाहिल्यावर फरक कळला: सोयाबीनची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि बोटाने अलगद सुटते, भेंडीचे मूळच ठिकठिकाणी फुगलेले होते, तो सूत्रकृमी या मातीतल्या सूक्ष्म कृमींमुळे होणारा रोग होता. चरित्रात हा प्रसंग नाही, पण चरित्रामुळेच ते मूळ वर्गात आले.

उरलेली पाने वाचताना दोन दुरुस्त्या मी आवर्जून करते. गाठींमधील जीवाणूंचे काम जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८० च्या दशकातच सिद्ध केले होते. कार्व्हर यांचे मोठेपण ते ज्ञान गरीब शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्यात आहे, आणि त्यासाठी १९०६ मध्ये त्यांनी घोडागाडीवर फिरती शाळा सुरू केली. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधले, असे अनेक ठिकाणी छापलेले असते. ते खरे नाही. आपल्याकडे कपाशीत तुरीचे तास, म्हणजे ओळी, पूर्वीपासून घेतात, हे मुले घरून विचारून येतात आणि आजोबांचे ज्ञान वर्गात बोलले जाते.

दुसरे चरित्र मी जूनमध्ये, पाऊस लागण्याच्या सुमारास घेते. केरळमध्ये १९१८ साली जन्मलेल्या अण्णा मणी यांनी आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या नाकारून ज्ञानकोश मागितला, ही गोष्ट मुलींना फार आवडते. पण शिकवण्याजोगा भाग पुढे आहे. पुण्याच्या हवामान खात्यात त्यांनी भारतीय बनावटीची उपकरणे उभी केली आणि मोजमाप अचूक असण्याचा आग्रह धरला. आम्ही प्लॅस्टिकच्या बाटलीचे पर्जन्यमापक करतो. बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असल्याने आधी खडे आणि पाणी घालून शून्याची रेघ ठरवावी लागते, नाहीतर सगळी मापे चुकतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि ती महसूल मंडळाच्या नोंदीवर ठरते, हे मुलांनी घरी पंचनाम्याच्या वेळी ऐकलेले असते. आता त्यांना तो आकडा कशाचा, हे कळते.

एडिसनला मंदबुद्धी ठरवणारी शाळेची चिठ्ठी आईने त्याला उलट, कौतुकाची म्हणून वाचून दाखवली, यासारख्या मोबाइलवर फिरणाऱ्या कथा मी वर्गात घेत नाही; त्यांना आधार नाही आणि त्यांतून विज्ञानही शिकता येत नाही. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी चंद्रशेखर वेंकट रामन आहेतच, आणि वित्त खात्यात अधिकारी असताना ते काही काळ नागपुरात होते, हे आमच्या मुलांना विशेष जवळचे वाटते. पेल्यातल्या पाण्यात दुधाचे थेंब टाकून टॉर्चचा उजेड सोडला की पाणी बाजूने निळसर आणि समोरून तांबूस दिसते. तो रामन परिणाम (विखुरताना प्रकाशाचा रंगच बदलणे) नव्हे, प्रकाशाचे साधे विकिरण, म्हणजे विखुरणे, आहे, हे मी स्पष्ट सांगते. आणि समुद्र निळा का, या रामन यांच्या प्रश्नापर्यंत पाचवीची मुले एवढ्याने पोहोचतात.