वेळेला अवतरणचिन्हे कशासाठी?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. ओलिताच्या वेळापत्रकाची यॅमल फाईल (यॅमल म्हणजे साध्या मजकुरात नोंदी लिहिण्याची एक पद्धत) पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेने वाचायला दोन ओळी पुरतात, मग माझा प्रोग्राम आधी प्रत्येक नोंद तपासून, वेळेभोवती अवतरणचिन्हे नसली की अडून का बसतो, असे वरूड-मोर्शीकडचे बागायतदार आणि त्यांची शिकलेली मुले मला नेहमी विचारतात.

दोन ओळी पुरतात असे मीही पूर्वी ठासून सांगत असे, आणि फाईल शेतकऱ्याला स्वतः बदलता यावी हा तेव्हाचा माझा आग्रह आजही मला योग्यच वाटतो.

मात्र एका काकाजींच्या संत्र्याच्या बागेत दुसऱ्याच कुणी बसवून दिलेला, ठरल्या वेळी मोटर सुरू करणारा कंट्रोलर होता. विजेची लाईन दिवसाची होती तोवर फाईलमध्ये, इंग्रजी अंकांत, ०८:३० अशी वेळ होती आणि ओलित सुरळीत चालले होते. ऐन मे महिन्यात लाईन रात्रीची झाली, काकाजींनी त्याच जागी २२:३० लिहिले, आणि मोटर सुरूच झाली नाही. मला बोलावले तोवर आंबिया बहाराची फळे झाडांखाली पडू लागली होती. फाईलमध्ये बोट ठेवण्याजोगे काहीच नव्हते, म्हणून पायथॉनच्या हाती प्रत्यक्षात काय पडते ते छापून पाहिले, तर पडद्यावर १३५० आले. यॅमल फाईल वाचणारी पायथॉनची पायवायएमएल ही लायब्ररी यॅमल १.१ या आवृत्तीचे नियम पाळते, आणि त्या नियमांत २२:३० म्हणजे २२ गुणिले ६० अधिक ३०, अशी एक संख्या होते. शून्याने सुरू होणारी ०८:३० ही वेळ त्या साच्यात बसत नाही, म्हणून ती मजकूरच राहते. कंट्रोलरचा प्रोग्राम वेळेचे कोलनपाशी दोन तुकडे करत असे. संख्येचे तसे तुकडे होत नाहीत, म्हणून तो सुरू होताच बंद पडत होता. यॅमलच्या २००९ च्या १.२ आवृत्तीतून हा नियम वगळला गेला, पण बागेतली लायब्ररी जुन्याच नियमाने चालत होती. वेळ अवतरणचिन्हांत असती, तर ती मजकूरच राहिली असती. काकाजींनी लिहिलेली वेळ अगदी बरोबर होती; त्यांना मी काय समजावून सांगणार होतो?

एका मुलाने मला सुनावले की त्याच लायब्ररीतला बेसलोडर हा वाचण्याचा पर्याय वापरला तर सगळी मूल्ये मजकूर म्हणूनच येतील, मग वडिलांना चिन्हांचा त्रास कशाला? त्याचे म्हणणे खरे आहे. माझे उत्तर एवढेच, की तीच फाईल उद्या दुसरा कुणी साध्या पद्धतीने वाचेल, आणि त्याला पुन्हा १३५० च मिळेल. तरीही, दुसऱ्याच्या प्रोग्रामची काळजी काकाजींनी का वाहावी, या त्याच्या पुढच्या प्रश्नावर मला अजून उत्तर देता आलेले नाही.