ख्रिस्ती होताना काय सुटतं, काय सुटत नाही

इंदूरच्या मराठी घरातलं कुणी चर्चला जायला लागलं की पहिली चौकशी कुंकवाची होते, मग आडनावाची, मग खाण्यापिण्याची. कुंकू आणि आडनाव सोडायची सक्ती नाही; खाण्यापिण्याचं पुढे पाहू. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, घेतला; नाव तेच राहिलं, आणि अभंगही त्यांनी पुढे लिहिलेच.

हा वाद जुना आहे. यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ती होताना काय सोडायचं, यावर साधारण इ.स. 49-50 मध्ये यरुशलेमेत (जेरुसलेममध्ये) पहिल्या ख्रिस्ती पुढाऱ्यांची बैठक बसली. सुंतेची अट गळाली, सोडायच्या चार गोष्टी उरल्या: मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचं मांस आणि जारकर्म.

पहिली अट आपल्याकडे थेट प्रसादाला भिडते. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना व्यवहारी तोड सांगितली: बाजारात मिळेल ते चौकशी न करता खा, पण कुणी मुद्दाम 'हे वाहिलेलं आहे' म्हणालं, तर त्याच्या मनासाठी खाऊ नका. म्हणून शेजारच्या काकूंच्या मोदकांवर दोन मतं निघतात. कडक पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नकोच म्हणतात; बाकीचे पौलाची तोड धरतात. गणपतीपुढे आरतीचं तबक हातात घेण्याबद्दल मात्र दुमत नाही, ते सुटतं.

खरी कसोटी कुळाचाराची, थोरल्या मुलाची तर जास्तच. नवरात्राचे घट, बोडण, श्राद्धाचे पिंड, सत्यनारायणाला यजमान म्हणून पाटावर बसणं, पत्रिका, मुहूर्त, सगळं जातं. श्राद्ध नाकारलं म्हणजे बापालाच नाकारलं, असं घरच्यांना वाटतं आणि बोलणी तिथेच तुटतात. हे ऐन पितृपक्षात काढू नये, दोन-तीन महिने आधी बोलावं. स्वयंपाकाला, वाढायला, पाहुण्यांचं बघायला सहसा हरकत नसते. संकल्प धाकट्या भावाने सोडावा. 'आमच्यातही पितरांसाठी प्रार्थना असते' असं सांगण्याआधी आपलं चर्च कुठल्या पंथाचं ते पाहा: कॅथलिक 2 नोव्हेंबरला ती करतात, प्रोटेस्टंट सहसा करत नाहीत.

कायद्याने काय जातं, हे बाप्तिस्म्याच्या तयारीत क्वचितच सांगतात. सांगायलाच हवं. अनुसूचित जातीचा दर्जा जातो: 1950 चा आदेश हिंदूंपुरता, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांनाही लागू. अनुसूचित जमातीला ही धर्माची अट नाही. जोडीदार हिंदू राहिला तर हिंदू विवाह कायद्याखाली तो धर्मांतराच्या कारणावरून घटस्फोट मागू शकतो. मध्य प्रदेशच्या 2021 च्या कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांना, म्हणजे इथे इंदुरात मोती तबेल्यावरच्या कचेरीत, 60 दिवस आधी लेखी कळवायची अट आहे; विधी करणाऱ्यानेही वेगळं कळवायचं. नोव्हेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने या कलमाखाली सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला, तरी सध्याची स्थिती वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

मिळकतीबाबत सर्वात जास्त गैरसमज. धर्म बदलला म्हणून वडिलांकडून येणारा तुमचा वारसाहक्क जात नाही. 1850 च्या कायद्यापासून तसं आहे. अडकतात ती नंतर जन्मलेली मुलं. हिंदू वारसा कायद्याचं कलम 26 त्यांना हिंदू नातेवाइकांचे वारस धरत नाही, वारसा खुला होताना ती हिंदू असतील तरच धरतं. आजोबांना स्वतःच्या मिळकतीतलं काही नातवंडांना द्यायचं असेल, तर हयातीतच मृत्युपत्र करून त्यात नातवंडांची नावं घालावीत. नोंदणी सक्तीची नाही, पण पुढच्या भांडणात उपयोगी पडते.